बसली, पण दिसली नाही: सांगलीतल्या एका एसएसडीचं प्रकरण

विश्रामबागच्या बाजूला माझं संगणक दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. हे प्रकरण २०२५ च्या मार्चमधलं. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं, कंपन्या आणि मॉडेल काढून टाकलेत. काय आधी घडलं नि काय नंतर, तो क्रम मात्र बदललेला नाही. त्यात माझ्या चुकाही आल्या.

पार्श्वभूमी

मार्केट यार्डात हळदीची अडत असलेले एक शेठ. मार्च म्हणजे नव्या हळदीची आवक भरात, सौदे जोरात, आणि त्यातच वर्षअखेर. सौदा झाला, वजन झालं की शेतकऱ्याच्या हातात हिशोबाची पट्टी पडली पाहिजे; तो गावाकडची गाडी धरायच्या घाईत असतो. ही पट्टी निघायची दिवाणजींच्या टेबलावरच्या २०१७ सालच्या लॅपटॉपवरून. सातव्या पिढीचा आय३, ८ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०, हिशोबाचं टॅली. जोडीला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि डिजिटल सहीचा टोकन. सकाळी बटण दाबून दिवाणजी देवाला उदबत्ती लावायचे, चहा सांगायचे, चहा पिऊन व्हायचा, तरी पडद्यावरचं चक्र फिरतच असायचं.

लॅपटॉप बिघडलेला नव्हता. हार्ड डिस्कमधल्या, मिनिटाला ५४०० फेऱ्या मारणाऱ्या तबकडीला एक फेरी पुरी करायला ११ मिलिसेकंद लागतात. हवा तो तुकडा वाचणाऱ्या डोक्याखाली येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी थांबावं लागतं, आणि डोकं इकडून तिकडे सरकायला लागणारा वेळ वेगळाच. विंडोज सुरू होताना असे हजारो बारीक तुकडे गोळा करत बसतं. एसएसडी म्हणजे चिपांवर डेटा ठेवणारी डिस्क; तिच्यात फिरणारं काही नसतं, त्यामुळे हे थांबणंच जातं. म्हणजे एसएसडी घालायचा विचार मुळात बरोबर होता.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचे निर्णय तिच्यावर ठरले. शेठचं घर नदीजवळच्या गावभागात. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं; धोक्याची पातळी ४५ फुटांची. त्या पाण्यात घरातल्या कपाटातल्या कीर्द-खतावण्यांचा लगदा झाला. तेव्हापासून सगळा हिशोब लॅपटॉपवर. बॅकअप कुठे ठेवता, असं मी विचारलं तेव्हा शेठ म्हणाले, "हाय की, त्यातच डी ड्राइव्हला." म्हणजे त्याच डिस्कच्या दुसऱ्या कप्प्यात.

अडचण

शेठच्या पुतण्यानं सेलमध्ये ५०० जीबीची एनव्हीएमई, म्हणजे जास्त वेगाच्या जातीची, एसएसडी ऑनलाइन मागवली. लॅपटॉपचं मागचं झाकण उघडलं, आत एसएसडी बसवायची एम.२ नावाची रिकामी खाच दिसली, एसएसडी तिरकी सरकवली, खाली दाबली, स्क्रू मारला. अगदी मापात बसली. लॅपटॉप सुरू केला, तर नवीन ड्राइव्हचा पत्ता नाही. व्हिडिओ बघून दोनदा काढून घातली, तरी तेच. माल खराब म्हणून परत पाठवला, आठवड्यानं बदलून दुसरी आली. तीही दिसेना.

मग एका संध्याकाळी सातच्या सुमाराला शेठ स्वतः लॅपटॉप घेऊन आले. सकाळी नऊला परत पाहिजे होता.

"भाऊ, एक डबा खराब निघंल. दोन्ही निघतील व्हय?"

प्रकरणाचा उलगडा या एका प्रश्नात होता आणि मी तो ऐकून सोडून दिला. दोन वेगळ्या एसएसडींना तंतोतंत एकच रोग झाला असेल, तर बहुधा रोग एसएसडीत नाही. पण शेठ वैतागले होते, मला घाई होती, आणि गिऱ्हाइकाचं बोलणं म्हणजे तक्रार, निदान आपण करायचं, ही आम्हा दुरुस्तीवाल्यांची जुनी खोड.

पहिली संध्याकाळ

आधी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी उठणाऱ्या बोर्डाच्या प्रोग्रॅममध्ये, गेलो. तिथे फक्त जुनी हार्ड डिस्क. मग विंडोजचं डिस्क मॅनेजमेंट उघडलं. तिथेही फक्त डिस्क ०. म्हणजे एसएसडी विंडोजपर्यंत येतच नव्हती, तिच्याही खाली कुठेतरी अडत होती. ड्रायव्हर, फॉरमॅट, ड्राइव्हचं अक्षर हे सगळे संशयित इथेच बाद व्हायला हवे होते. एवढं मला तेव्हाही कळत होतं.

तरी पुढचा तास मी वाया घालवला. संपर्काच्या पट्ट्या खोडरबरानं पुसल्या, परत बसवली. काही नाही. मग बायोसमधला साटा मोड, म्हणजे डिस्कशी कसं बोलायचं ती पद्धत, डोळ्यांत आला. एएचसीआय होता, खाली आरएआयडीचा पर्याय होता. काही नव्या लॅपटॉपवर या मोडच्या भानगडीमुळे एनव्हीएमई दिसत नाही हे माहीत होतं, म्हणून बदलून बघितला. लॅपटॉप सुरू झाला तो थेट निळ्या पडद्यावर: इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस. विंडोज ज्या मोडमध्ये टाकलेलं असतं त्याच मोडचा ड्रायव्हर घेऊन ते उठतं. मोड बदलला की त्याला स्वतःचीच डिस्क सापडत नाही.

मोड परत फिरवला आणि लॅपटॉप उठला. मधल्या दोन-तीन मिनिटांत घशाला कोरड पडली होती. कारण सहा वर्षांचा हिशोब त्या एकाच डिस्कवर होता आणि मी त्याची प्रत काढलेली नव्हती. नियमानं सांगायचं तर मोड बदलून डेटा जात नाही. पण आठ वर्षांची फिरती डिस्क पुनःपुन्हा बंद-चालू करताना नियमाच्या भरवशावर राहू नये.

हात थांबवले आणि पहिल्यांदा पेनड्राइव्ह लावला. टॅलीच्या डेटाचं फोल्डर, त्यातली कंपन्यांची आकडी नावांची फोल्डरं, सगळं मिळून एक जीबीसुद्धा भरलं नाही. प्रत निघायला जेमतेम दहा मिनिटं लागली. जे काम सात वाजता करायचं ते साडेआठला झालं.

यानंतर बायोस अपडेटचा मोह झाला. नवी आवृत्ती उपलब्ध होती. पण लॅपटॉपची बॅटरी मेलेली, वायर काढली की मशिन बंद. बायोस लिहिताना मध्येच वीज गेली तर बोर्डच उठायचा नाही, आणि मार्चमध्ये शेठला सांगणार काय? शिवाय त्या आवृत्तीच्या टिपणात सुरक्षेच्या दुरुस्त्या होत्या, एनव्हीएमईचा शब्दही नव्हता. तो नाद सोडला. त्या संध्याकाळचा माझा पहिला शहाणा निर्णय तो.

उलटसुलट चाचणी

दुकानात एनव्हीएमईचं यूएसबी केसिंग असतं, म्हणजे एसएसडी आत घालून बाहेरून लावायची डबी. शेठची एसएसडी त्यात घातली आणि माझ्या दुकानातल्या संगणकाला लावली. डिस्क मॅनेजमेंटमध्ये लगेच नवी ओळ आली: नॉट इनिशियलाइज्ड, म्हणजे डिस्क आहे, पण अजून वापरायला तयार केलेली नाही. एसएसडी ठणठणीत होती.

मग उलट. जुन्या लॅपटॉपमधून निघालेली १२८ जीबीची एक एम.२ एसएसडी ड्रॉवरमध्ये पडून होती, साटा जातीची. ती शेठच्या लॅपटॉपच्या खाचेत बसवली. बायोसमध्ये नाव झळकलं. खाचही ठणठणीत होती.

मग भांडण कशाचं? एम.२ हे फक्त आकाराचं नाव आहे. २२८० म्हणजे रुंदी २२ मिमी, लांबी ८० मिमी, एवढंच. त्या आकाराच्या पट्टीतून बोलणं दोन प्रकारे होतं. एक साटा, म्हणजे जुन्या हार्ड डिस्कचीच भाषा. दुसरी पीसीआय एक्सप्रेसवरून चालणारी एनव्हीएमई, जिची पहिली आवृत्ती २०११ सालची. काही खाचांना दोन्ही येतात, काहींना एकच. या लॅपटॉपच्या खाचेत कंपनीनं फक्त साटाच्या तारा ओढल्या होत्या. त्या काळातल्या बऱ्याच स्वस्त लॅपटॉपांत असंच आहे.

यात फसवणारी गोष्ट म्हणजे पट्टीवरचा काप. एनव्हीएमई एसएसडीला सहसा एकच काप असतो, एम की नावाचा. एम.२ साटाला बहुतेक वेळा दोन असतात, बी आणि एम. खाचेत एम जागची खुंटी असेल तर दोन्ही पट्ट्या आत जातात, स्क्रूही बसतो. बसली म्हणजे चालणारच, असं पुतण्याला वाटलं यात त्याचा दोष नाही. सोयरीक जमली आणि लग्नानंतर कळलं की एकाला कानडीच येतं आणि दुसऱ्याला मराठीच, तसला प्रकार. मिरजेच्या पुढं गेलं की हे काही नवलाचं नाही.

खात्रीसाठी लॅपटॉपचं सर्व्हिस मॅन्युअल उतरवून घेतलं. एका ओळीत लिहिलं होतं: एम.२ २२८०, साटा. खरेदीआधी वाचायची ओळ.

कोणते पर्याय होते

एनव्हीएमई परत करून पैसे घेणं शक्य नव्हतं. विक्रेत्याची अट फक्त बदलून देण्याची, आणि एकदा बदलून झालीच होती.

अडीच इंची साटा एसएसडी सांगलीत त्याच रात्री मिळाली असती. पण ती जुन्या हार्ड डिस्कच्या जागी बसते. मग हार्ड डिस्क बाहेर काढायची, किंवा डीव्हीडी ड्राइव्ह काढून त्याच्या जागी कॅडीत, म्हणजे त्याच मापाच्या चौकटीत, घालायची. कॅडीही ९.५ मिमीची की १२.७ ची, हे मोजून आणावं लागतं. काम सोपं आहे, मी कितीदा केलंय. पण त्यात चालती डिस्क जागेवरून हलते.

एम.२ साटा एसएसडी हा तिसरा पर्याय. जुनी डिस्क जिथल्या तिथं, नवी रिकाम्या खाचेत. अडचण एकच, हल्ली दुकानदार ही जात फारशी ठेवत नाहीत. चार फोन केल्यावर कळलं, कोल्हापूरहून दोन दिवसांत येईल.

लॅपटॉपच नवा घ्यावा, हेही मी शेठना स्पष्ट सांगितलं. विंडोज १० चा मायक्रोसॉफ्टकडचा आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता आणि सातव्या पिढीचा हा आय३ विंडोज ११ च्या यादीत नाही. जुन्या घरावर नवी कौलं घालावीत का, हा प्रश्न रास्त होता. पण नवा लॅपटॉप म्हणजे टॅलीचं लायसन्स हलवणं, टोकनचे ड्रायव्हर, डॉट मॅट्रिक्सची जुळणी. वर्षअखेरीला हे अंगावर घ्यायला शेठ तयार नव्हते, आणि मीही फार आग्रह धरला नाही.

आम्ही एम.२ साटा ठरवली. वेगात ती एनव्हीएमईच्या मागे आहे. साटाची मर्यादा सेकंदाला साधारण ५५० एमबी, तर पीसीआय एक्सप्रेस ३.० च्या चार मार्गिकांवर एनव्हीएमई ३,५०० पर्यंत जाते. पट्टी छापायला हा फरक जाणवत नाही. मुख्य कारण वेगळं होतं. ते दोन दिवस लॅपटॉप यार्डात होता तसा, हळू का होईना, चालत राहणार होता. शेठ सकाळी नऊला लॅपटॉप घेऊन गेले.

पुन्हा तेच, पण तेच नाही

दोन दिवसांनी ४८० जीबीची एम.२ साटा आली. रविवार होता, यार्ड बंद. पुतण्याला म्हटलं, तूच बसव. त्यानं बसवली, विंडोज सुरू झालं, धिस पीसी उघडलं आणि त्याचा चेहरा पडला.

"दादा, ही पण नाही लागली."

बायोस उघडायला लावलं. तिथे दोन नावं होती. "मग विंडोजमध्ये का नाही?"

नव्या एसएसडीवर विभाग नसतात, फाइल सिस्टीम नसते, त्यामुळे विंडोज तिला अक्षर देत नाही. धिस पीसीमध्ये दिसतात ती अक्षरं, डिस्क नव्हेत. डिस्क मॅनेजमेंट उघडल्याबरोबर इनिशियलाइज करायची चौकट समोर आली. त्या संध्याकाळच्या तक्रारीचे शब्द आणि आजचे शब्द एकच, "दिसत नाही". त्या वेळी एसएसडीला बोर्डच ओळखत नव्हता. आज ओळखत होता, फक्त सातबाऱ्यावर नाव चढलं नव्हतं.

इथे मी पुतण्याचा हात धरला, अक्षरशः. चौकट मिटवून तो खालच्या ओळींवर उजवी क्लिक करत होता, आणि डिस्क ० कुठली नि डिस्क १ कुठली हे त्यानं पाहिलेलं नव्हतं. त्या मेनूत डिलीट व्हॉल्यूम दोन बोटांवर असतं. क्रमांकावर जाऊ नये, तो खाचेनुसार बदलू शकतो, आकारावर जावं. ९३१ जीबी ती जुनी, ४४७ ती नवी. "४८० ची घेतली होती ना?" हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. कंपनी जीबी मोजते दहाच्या पटीत, विंडोज दोनच्या. ४८० अब्ज बाइटचे विंडोजच्या मापानं ४४७ होतात. पोतं तेच, काटा वेगळा.

नव्यानं विंडोज टाकायचं की आहे ते जसंच्या तसं क्लोन करायचं? एरवी मी नव्यानं टाकण्याच्या बाजूचा. इथे क्लोन केलं, कारण लायसन्स, टोकन आणि प्रिंटर, तिन्ही जागच्या जागी राहायला हवे होते. जुन्या डिस्कवर २१० जीबीच भरलेलं, त्यामुळे विभाग आखडून ४४७ मध्ये मावले. लॅपटॉप यूईएफआय आणि जीपीटीवरचा, म्हणजे बूट आणि विभागांच्या नव्या पद्धतीचा, होता म्हणून रूपांतराची उठाठेव लागली नाही. तीन तासांनी बूटच्या यादीत नवी एसएसडी वर घेतली आणि लॅपटॉप चालू केला. उदबत्ती पेटवेपर्यंत डेस्कटॉप समोर.

तिसरी गायब

आता जुनी हार्ड डिस्क धिस पीसीतून गायब. पुतण्या हसायलाच लागला.

डिस्क मॅनेजमेंटमध्ये ती ऑफलाइन दिसत होती, कारण दिलं होतं सिग्नेचर कोलिजन. क्लोन करताना डिस्कची ओळखखूणही नकलेत उतरली होती. एकाच ओळखीच्या दोन डिस्क दिसल्या की विंडोज त्यातली एक बाजूला ठेवतं. उजवी क्लिक करून ऑनलाइन म्हटलं की काम होतं. मात्र त्या क्षणी विंडोज तिच्यावर नवी ओळखखूण लिहितं, आणि मग त्या डिस्कवरून पुन्हा बूट होईलच याची खात्री राहत नाही.

म्हणून ती मी मुद्दाम ऑफलाइनच ठेवली, पंधरा दिवस. नवी एसएसडी बिघडलीच, तर बूटची यादी बदलून जुन्या डिस्कवर लॅपटॉप पहिल्यासारखा उठणार, त्या रविवारपर्यंतच्या हिशोबासह. शेठला हे समजावताना म्हटलं, जुनी वही बासनात बांधून ठेवलीय, गाठ सोडू नका. ते त्यांना लगेच पटलं.

निष्पत्ती

मार्च पार पडला. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात जुनी डिस्क ऑनलाइन केली. परत न करता आलेली एनव्हीएमई एका यूएसबी केसिंगमध्ये घातली आणि तिला बॅकअपचं काम दिलं. टॅलीचा बॅकअप दिवाणजी रोज संध्याकाळी तिच्यावर घेतात. मूळ खर्चापेक्षा शेठना एम.२ साटा आणि केसिंग, दोन्ही जास्तीचं पडलं. पुतण्यावर ते चिडले नाहीत, पण जेवताना विषय निघतो म्हणे.

बॅकअपची ही एनव्हीएमई रात्री कुठं ठेवायची यावर मात्र बरीच चर्चा झाली. दुकानात ठेवली तर आग किंवा चोरी झाल्यावर दोन्ही प्रती एकदम जाणार. घरी न्यावी तर घर गावभागात.

आता काय वेगळं करतो

लॅपटॉप टेबलावर आला की स्क्रू ड्रायव्हरच्या आधी पेनड्राइव्ह लावतो. हे मला शिकाऊ असताना सांगितलं गेलं होतं आणि वीस वर्षांनी मी विसरलो.

एसएसडी दिसत नाही, असं कोणी म्हटलं की कुठं दिसत नाही ते विचारतो. बायोसमध्ये नसेल तर केसिंग आणि ड्रॉवरमधली १२८ जीबीची साटा, दोन्ही लगेच काढतो. बायोसमध्ये असून डिस्क मॅनेजमेंटमध्ये नसेल तर मोड आणि ड्रायव्हर. दोन्हीकडे असून धिस पीसीत नसेल तर फोनवरच सांगून होतं, पण आधी त्यांच्याकडून दोन्ही डिस्कचे आकार वाचून घेतो.

शेठचा निर्णय, लॅपटॉप न बदलण्याचा, अजून माझ्या मनात पूर्ण बसलेला नाही. तेव्हा हंगामात तो बरोबर होता. पण मी ऑक्टोबरची तारीख एकदाच बोललो आणि गप्प बसलो. ती बिलावर लिहून द्यायला हवी होती. जीएसटी आणि बँकेचे व्यवहार होणारं मशिन आहे ते. नंतर आठवण केली तेव्हा शेठ म्हणाले, "यंदाचा हंगाम निघू दे, मग बघू." तोवर एनव्हीएमईवरच्या बॅकअपची प्रत दर रविवारी पेनड्राइव्हवर, डब्याच्या पिशवीतून मिरजेला लेकीकडे जाते, आणि आधीच्या आठवड्याची प्रत असलेला पेनड्राइव्ह परत येतो.